पिवळ्या पंख्याचं कार्ड

मैंदर्गी
१ डिसेंबर २०२५

मामा,

पायांवर डोकं ठेवलं असं समजा, कारण आत्ता माझं डोकं जागेवर नाही.

फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज तुम्हाला डब्यात खडे वाजवल्यासारखा येतो, आणि तुमच्या फोनला नुसती बटणं आहेत, फोटो पाठवायचीही सोय नाही. मामी म्हणाली, पत्र लिही, पत्र ते तीनदा वाचतात. म्हणून लिहिते.

आपल्या फोटो स्टुडिओतलं कॉम्प्युटरचं मशीन बिघडलंय. म्हणजे सुरू होतं, चालतं, आणि लग्नाचं शूटिंग उघडून थोडं पुढं गेलं की पडदा निळा होतो. त्यावर इंग्रजीत माफी मागितल्यासारखं काहीतरी येतं आणि मशीन आपलं आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. गाणी लावली तर काही होत नाही. गेल्या वर्षीची लग्नं उघडली तरी काही होत नाही. विजयमालाचं लग्न उघडलं की निळा पडदा!

विजयमाला आठवते का? जोतिरामकाकांची मुलगी, शाळेपासून माझी मैत्रीण. नोव्हेंबरात तिचं लग्न झालं, श्रीपूरच्या सयाजीशी. तो तिकडं साखर कारखान्यात कामाला आहे. ती नांदायला गेली, पहिल्यांदा माहेरी आली, आणि तेव्हापासून इथंच बसून आहे. न्यायला कोणी येत नाही. सयाजीचे आजोबा कोंडीबा म्हणतात, भर मांडवात सगळ्यांना मानाचा फेटा बांधला, मला तेवढा बांधला नाही. जोतिरामकाका शपथेवर सांगतात की मी माझ्या हातानं बांधला. श्रीपूरकर म्हणतात, आमचा म्हातारा जन्मात खोटं बोललेला नाही. बांधला असेल तर दाखवा, नाहीतर पोरगी तुमच्याकडंच ठेवा.

मी तिथंच होते, पण फेटे बांधताना नवरीच्या खोलीत शूटिंग करत होते. मांडवात दुसरा कॅमेरा तिपाईवर आपला आपण चालू होता. पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये बघावं तर नवरा-नवरी आणि जेवणाची ताटं. आणि आमची पद्धत तुम्हाला माहीत आहे, कॅमेऱ्याची चिप मशीनवर उतरवली की पुसायची आणि पुढच्या लग्नाला लावायची. त्यामुळे जे काही आहे ते त्या मशीनमध्येच आहे.

विजयमाला रोज येऊन माझ्या शेजारी बसते. काल पडदा निळा झाला तेव्हा म्हणाली, "माज्या लग्नातच काय तर खोट हाय गं."

तुम्ही बँकेच्या संगणक विभागात उभा जन्म काढलात. सांगा, काय करू?

तुमची,
सृष्टी

—

सोलापूर
५ डिसेंबर २०२५

चि. सृष्टी,

आधी डोकं जागेवर आण, पायांचं नंतर बघू. तुझी मामी चुकीचं सांगते. मी पत्र चारदा वाचलं.

पहिली गोष्ट विजयमालाला सांग. मशीनला लग्न कळत नाही. त्याला तिची कुंडली दिसत नाही, तिची खोट दिसत नाही आणि श्रीपूरकरांचा रुसवाही दिसत नाही. ते आपल्या जागी ठेवलेली फाइल वाचतं, किंवा वाचता येत नाही म्हणून गडगडतं. जुनी लग्नं चालतात आणि हे चालत नाही, तर दोन्ही कुठं ठेवली आहेत ते बघ. ते मशीन तुम्ही बंद पडलेल्या स्टुडिओतून जुनं उचललंत. घेताना तुझ्या अप्पांनी, आमच्या दाजींनी, मला विचारलं असतं तर त्याच्या पोटात काय आहे ते आज ठाऊक असतं. असो.

दुसरी गोष्ट. बिघाड सुरू झाला त्याच्या आधी काय बदललं? नवीन काही जोडलं, काढलं, सांडलं, आपटलं? नीट आठवून लिही. माझा पहिला संशय रॅमवर आहे. अक्कलकोटात कोणाकडून तरी बदलून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं काय झालं तेच कळत नाही. 

तिसरी आणि मोठी गोष्ट. "फॉरमॅट मारू" म्हणणारा दिसला की मशीन उचलायचं आणि घरी यायचं.

तुझा,
शहाजीमामा

—

मैंदर्गी
९ डिसेंबर २०२५

मामा,

तुमची तिसरी गोष्ट पहिली लिहायला हवी होती!

रॅम बदलली. निळा पडदा तसाच. दुकानदार म्हणाला सिस्टिमच नासली आहे, नवीन टाकतो. टाकली. आम्ही आनंदानं घरी आलो, लग्न उघडलं, वऱ्हाड वेशीपाशी पोचलं आणि पडदा निळा. परत नेलं. मग तो म्हणाला डिस्कच गेली असणार. त्यानं एक डिस्क काढून त्याच्या मशीनला लावली. त्यावर एक चौकट आली, डिस्क वापरायची तर फॉरमॅट करावी लागेल, करू का? तो "हो" दाबणार तेवढ्यात विजयमालानं त्याचा माउस धरला हातासकट. "दादा, माजा संसार हाय त्यात," म्हणाली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती बघतच राहिली. आम्ही मशीन रिक्षात घातलं आणि घरी आलो.

तुम्ही विचारलंत ते बघितलं. जुनी लग्नं वेगळ्या डिस्कवर आहेत, ती सरळ जोडलेली आहे. यंदाची सगळी एका मोठ्या डिस्कवर दिसतात. पण डब्यात वाकून बघितलं तर तिथं एक नाही, दोन डिस्क आहेत, आणि दोघींच्या वायरी एका वेगळ्या कार्डात जातात.

आधी काय बदललं? काहीच नाही, मामा. नवीन काही जोडलं नाही, काही सांडलं नाही. डब्याचं एका बाजूचं झाकण आम्ही कायम काढूनच ठेवतो, गरम होतं म्हणून. ते तर घेतल्यापासून तसंच आहे. उलट अप्पा लग्नसराई सुरू झाल्यापासून रोज सकाळी मशीनची पूजा केल्याशिवाय त्याला हात लावू देत नाहीत. 

एक मात्र विचित्र आहे. सकाळच्या गारठ्यात ते जास्त वेळ चालतं. एकदा तर हळदीपर्यंत पोचलं. दुपारी मात्र गणपतीची पत्रिका दिसते न दिसते तोच बंद. चंद्रव्वा, म्हणजे विजयमालाची आई, म्हणते दुपारी उसाच्या वाटेवरची नजर लागते. मी हसले, मग तिचं तोंड बघून हसू आवरलं.

सृष्टी

—

सोलापूर
१२ डिसेंबर २०२५

चि. सृष्टी,

विजयमालाला माझा सलाम कळव. ती बँकेत असती तर आमच्या निम्म्या भानगडी झाल्या नसत्या.

आता ऐक. ते कार्ड आहे ना, तेच त्या दोन डिस्क एक करून दाखवतं. प्रत्येक फाइलचे तुकडे करून एक इकडं ठेवतं, एक तिकडं, म्हणजे काम झपाट्यानं होतं. म्हणून एकटी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर तिथं अर्धीच भानगड दिसते, आणि मशीनला वाटतं ही कोरी आहे. डिस्क शाबूत आहेत असं माझं मन सांगतं. लग्न आहे. ते काढून देणाराच मधल्या मधे गडबडतोय.

का गडबडतोय ते मात्र तुझ्या सकाळ-दुपारनं मला कळलं. दुपारी शेतीपंप सुरू होतात आणि तुमच्याकडचं व्होल्टेज बसतं. कार्डाला पुरता वीजपुरवठा मिळत नाही, ते सुटतं, आणि सिस्टिम कोसळते. इतकं सरळ आहे. स्टॅबिलायझर लावा.

सोबत कार्डाची माहिती कळव. वर नाव असेल, नंबर असेल, मधल्या चिपवर बारका पंखा असेल त्याचा रंग लिही. तसंच दुसरं कार्ड मिळालं तर बदलता येईल. चंद्रव्वाला सांग, नजर नाही, व्होल्टेज आहे.

शहाजीमामा

—

मैंदर्गी
१६ डिसेंबर २०२५

मामा,

व्होल्टेज नाही. चंद्रव्वानं मला तसं दोनदा ऐकवलं.

स्टॅबिलायझर लावला, व्होल्टेजचा काटा जागचा हलला नाही, तरी पडदा निळा झाला. आता तर सकाळीही होतोय. पूर्वी हळदीपर्यंत जायचं, आता देवाच्या नावापुढं जात नाही. मला काहीच समजेना झालंय. एकेक गोष्ट बदलली तरी तेच, काही नाही बदललं तरी जास्तच.

आणि इकडं वेळ राहिला नाही. श्रीपूरहून निरोप आलाय, महिना संपायच्या आत पंच घेऊन येतो, काय ते मिटवू. मिटवू म्हणजे काडीमोड, हे सगळ्यांना कळलंय, बोलत कोणी नाही. सयाजी चोरून फोन करतो. मला वाटलं होतं तो चिडलेला असेल. तो मलाच विचारतो, "निगालं का वो ताई काय?" मी विचारलं, तुम्ही आजोबांना समजवा की. तर म्हणाला, "आज्ज्यानं मला मांडीवर वाडवलंय. त्यो लबाड हाय असं कसं म्हनू?" त्याचंही खरंच आहे. म्हणजे मामा, जोतिरामकाका खोटं बोलत नाहीत, कोंडीबा खोटं बोलत नाहीत, आणि फेटा तर एकच आहे.

कार्डाचं लिहिते. हिरवी पाटी आहे, बोटभर रुंद. नाव-नंबर जिथं असेल तिथं काहीतरी पुटं चढलीत, वाचता येत नाही. तुम्ही पूर्वी म्हणायचात की आतल्या कशाला बोट लावायचं नाही, म्हणून मी लावलं नाही. पंखा आहे. रंग पिवळा.

सृष्टी

—

सोलापूर
१९ डिसेंबर २०२५

चि. सृष्टी,

दोन दिवस मी सोलापूरभर पिवळा पंखा शोधतोय.

एवढ्या वर्षांत शेकडो कार्डं हाताखालून गेली. काळा पंखा बघितला, करडा बघितला, एकदा निळा बघितला. पिवळा नाही. ओळखीच्या तिन्ही दुकानांत गेलो. ऐकू येत नाही म्हणून पाटीवर लिहून विचारलं. एकानं मला भिंगरी दाखवली. दुसरा म्हणाला, काका, असला माल परदेशातच निघत असेल. आता मला वाटतंय की तुमचं कार्ड बनावट आहे, आणि त्याच्या जोडीचं मिळणं कठीण आहे. 

तुला आशा लावली, ती खोटी ठरली तर काय, या विचारानं जेवण गोड लागत नाही. मशीन बंद ठेव. मला विचार करू दे.

शहाजीमामा

—

सोलापूर
२१ डिसेंबर २०२५, रविवार

सृष्टी,

हे पत्र टपालानं नाही, अक्कलकोटच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातून येतंय. मिळाल्या मिळाल्या वाच.

आज रविवार. तुझ्या मामीनं देवपूजा करून माझ्या कपाळाला भंडारा लावला. तिचा हात सढळ. निम्मा कपाळाला, निम्मा चष्म्यावर. मी डोळे उघडले तर समोरची भिंत पिवळी, मामी पिवळी, चहाचा कप पिवळा! 

पंखा पिवळा नाही गं. तो काळाच आहे.

तू लिहिलं होतंस, अप्पा रोज मशीनची पूजा करतात. मी ते चारदा वाचलं आणि चारही वेळा पुढं गेलो. तूही लिहिताना पुढं गेलीस. परक्या घरातल्या माणसानं लगेच विचारलं असतं, पूजा म्हणजे नक्की काय करता? आपल्याला विचारावंसंच वाटलं नाही. बिरोबाच्या माणसांची पूजा भंडारा उधळल्याशिवाय होते का? आणि डब्याचं झाकण उघडं. त्या पंख्यात हळद बसली, पंखा अडला, चिप तापली आणि तापून सुटली. म्हणून गारठ्यात चालत होतं. आणि मशीन जितकं बंद पडेल तितका दाजींचा हात मोकळा होत गेला असणार, म्हणून दिवसेंदिवस जास्त. 

बटण बंद कर, वायर काढ. कार्ड अलगद उपटून बाहेर घे. मऊ कोरड्या ब्रशनं पंखा साफ कर. पाणी नको, फुंकर नको. कार्डाची कडा खोडरबरानं पूस. परत बसव. मशीन सुरू झालं की लग्न बघत बसू नकोस, आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरव.

दाजींना मी वेगळं लिहीन. तू काही बोलू नकोस.

मामा

—

मैंदर्गी
२४ डिसेंबर २०२५

मामा,

निघालं! सगळं निघालं. वऱ्हाड, हळद, फेटे, पंगत, पाठवणी, सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरलं. पंखा काळाच निघाला. ब्रशनं झाडताना कागदावर एवढा भंडारा पडला की विजयमाला हसायला लागली आणि हसता हसता रडली.

तुम्ही म्हणालात बोलू नकोस, पण अप्पा दारातच उभे होते. त्यांनी कागदावरचा भंडारा बघितला, आणि त्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. म्हणाले, "म्हंजी मीच केलं व्हय हे. मी रोज देवाला म्हनत हुतो, पोरीचं लगीन सोड, आन् मीच आवळत हुतो." तेव्हापासून जेवले नाहीत धड. देवळातही गेले नाहीत. 

फेट्याचं विचाराल. आम्ही तिघींनी, मी, विजयमाला आणि चंद्रव्वानं, तेवढा भाग बघितला. कोंडीबा पाटावर बसलेत आणि जोतिरामकाका त्यांना फेटा बांधतायत. लख्ख दिसतंय. चंद्रव्वानं गल्लीभर सांगितलं. रविवारी श्रीपूरकरांना बोलावलंय. ती म्हणते, अख्ख्या गावासमोर पडद्यावर दाखवीन आणि म्हाताऱ्याला माफी मागायला लावीन. 

मला मात्र अजून कळत नाही, मामा. एवढं स्पष्ट असताना तो माणूस नाही कसा म्हणाला?

सृष्टी

—

सोलापूर
२६ डिसेंबर २०२५

चि. सृष्टी,

हे दाजींना वाचून दाखव. 

दाजी, भंडारा देवाचाच आहे आणि चांगलाच आहे. फक्त कपाळाला लावायचा, नाकात घालायचा नाही. मशीनचं कपाळ म्हणजे बाहेरचा पत्रा. उद्यापासून झाकण लावा आणि पत्र्यावर बोटभर लावा. देवावर रुसू नका, त्यानं तुमच्या बायकोच्या भावाच्या चष्म्यावर भंडारा टाकून निरोप पोचवला की. आता जेवा.

सृष्टी, चंद्रव्वाला सांग, गावासमोर नको. घरात दाखवा. का ते मला सांगता येत नाही. तो माणूस नाही कसा म्हणाला, हे मलाही कळलेलं नाही, आणि जे कळलेलं नाही त्यावर मी कधी मोठ्यानं बोलत नाही.

मामा

—

मैंदर्गी
२९ डिसेंबर २०२५

मामा,

बरं झालं घरात दाखवलं.

अप्पांनी मध्यस्थी केली म्हणून चंद्रव्वानं ऐकलं. श्रीपूरहून सयाजी, त्याचे वडील, दोन पंच आणि कोंडीबा आले. कोंडीबा म्हणजे अजून ताठ माणूस, पांढरं धोतर, खांद्यावर घोंगडं. कोणी कोणाला पाणी विचारलं नाही. मी लॅपटॉप लावला आणि फेट्यांपासून सुरू केलं.

जोतिरामकाका फेटा बांधतायत. केशरी फेटा, तुरा वर काढलेला. बांधून झाल्यावर कोंडीबा उठतात, बाजूला गजीढोल वाजत होता तिथं जातात, आणि या वयात असे नाचतात, मामा, की ढोलवाले त्यांच्याभोवती गोल करतात. चंद्रव्वा उभी राहिली. "बगा की आता! बगा डोळं उगडून! कोन खोटं बोलतंय?" श्रीपूरचे पंच खाली बघायला लागले. सयाजीचे वडील तर लाल झाले.

आणि कोंडीबा पुढं सरकून बघत होते. तोंडावर राग नव्हता, लाज नव्हती. नाच संपल्यावर त्यांनी सयाजीचा हात धरून विचारलं, "ह्यो म्हातारा कोन रं? लई ग्वाड नाचतोय."

चंद्रव्वा होती तिथंच खाली बसली. सयाजी आजोबांकडं बघत होता आणि त्याला मान वळवता येत नव्हती. त्याच्या वडिलांनी हळूच सांगितलं की गेले काही महिने असं चाललंय. कधी मेंढरं कुठं आहेत विचारतात, कधी मेलेल्या भावाला हाक मारतात. आम्हाला वाटलं वय झालंय. कोणाला बोललो नाही. 

तेवढ्यात विजयमाला आतून आली. कोणाला न विचारता ती कोंडीबांच्या पायाशी बसली. म्हणाली, "आबा, आपल्याच घरचा हाय त्यो. चला, घरला जाऊ आपन." त्यांनी विचारलं, "तू बी यायलीस?" ती म्हणाली, "व्हय की." आणि अंगावरच्या लुगड्यानिशी गाडीत जाऊन बसली. चंद्रव्वानं तिची बॅग मागाहून पळत नेऊन दिली. माफीचं तिला आठवलंच नाही.

मामा, मशीनचं तुम्ही सोलापुरात बसून शोधलंत. ह्याचं काही करता येतं का?

सृष्टी

—

सोलापूर
२ जानेवारी २०२६

चि. सृष्टी,

नाही. मला येत नाही. मोठ्या दवाखान्यात एकदा दाखवायला सांग, त्रास कमी करणारी औषधं असतात म्हणे. पण कार्ड उपटून पुसून परत बसवता येतं तसं इथं नाही.

एवढं कर. तो नाचाचा भाग विजयमालाच्या मोबाइलवर घालून दे. त्यांना तो म्हातारा आवडलाय ना, मग बघू दे.

मामा

—

मैंदर्गी
२१ जानेवारी २०२६

मामा,

संक्रांतीला विजयमालाचा फोन आला होता. तुम्हाला कळवायचं राहिलं.

दवाखान्यात दाखवलं, औषध चालू आहे. फरक म्हणावा तसा नाही. पण संध्याकाळ झाली की आबा स्वतःहून तिच्याकडं येतात, "त्यो नाचनारा म्हातारा लाव की" म्हणतात. ती लावते. ते बघतात, मांडीवर ताल धरतात, आणि शेवटी दरवेळी तेच विचारतात, "ह्याला एवडा झ्याक फेटा कुनी बांदला गं?"

विजयमाला सांगते, "माज्या बापानं."

मग ते म्हणतात, "लई मोट्या मनाचा मानूस असंल."

सृष्टी